आप्पांनी न पाहिलेली ब्रेक प्लेट

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी जनावरांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठायचो. जनावरं विकल्यावर निमित्त उरलं नाही, मग नुसताच उठून जाऊ लागलो. आता पंचाहत्तरी उलटली. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, लिहिताना ओळ सरळ जाते, तोवर लिहून टाकतो.

ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना आमच्या भागात आप्पा फौजदार म्हणत. पोलीसखात्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. विट्याहून कडेगावकडे जाताना आमचा तिठा लागतो, तिथे त्यांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान होतं. फौजदार हे नाव पडलं ते त्यांच्या चौकशीमुळे. पार्ट मागितला की कुठलाही दुकानदार फळीवरचा डबा काढतो. आप्पा आधी गिऱ्हाइकाला आरोपीसारखं समोरच्या बाकड्यावर बसवत.

“बेअरिंग पायजे, आप्पा.”

“जुनं कुठं हाय?”

“घरी ऱ्हायलं.”

“मग घरला जाऊन घिऊन या.”

“आवं, नंबर पाठ हाय मला.”

“नंबर मलाबी पाठ हाय. ते मेलं कशानं, ते कुठं पाठ हाय तुमाला?”

आठ-दहा किलोमीटरवरून आलेला माणूस शिव्या घालत परत जायचा आणि शिव्या घालतच जुनं बेअरिंग घेऊन यायचा. आप्पा ते रॉकेलमध्ये धुवायचे, उजेडाकडे धरायचे आणि तुटलेल्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख फिरवताना डोळे मिटलेले असत. मग एकेक प्रश्न सुटायचा. ग्रीस कवा घातलंतं? पाण्यातनं गाडी घातलीती का? ट्रॉलीत किती टन व्हतं? खरं सांगा. “खरं सांगा” हे ते प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी जोडत, जणू समोरचा खोटंच बोलणार हे ठरलेलं होतं.

मला त्यांचा हा स्वभाव आधी करमणुकीचा वाटायचा. मी लष्करातून हवालदार म्हणून परतलो. पण आमच्याकडे फौजेतून आलेला कुणीही मेजरच असतो, तसा मीही मेजर झालो. ट्रॅक्टर घेतला. चालवायला सिदू होता, आटपाडीकडचा धनगर. बापजाद्यांनी मेंढरं राखलेली, ह्याने चाळिशीपर्यंत ट्रॅक्टर राखला. एकदा क्लचप्लेट गेली म्हणून सिदूला घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी जुन्या प्लेटवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे न बघता सिदूला विचारलं, “पायात काय घालतोस रं?”

“चप्पल, आप्पा.”

“चालवताना काढतोस?”

“न्हाई.”

“चप्पल क्लचवर ठिवूनच हिंडतोस. बोटं मोकळी नसली की पायाला कळत न्हाई, दाबलंय का सोडलंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मेजर, प्लेट देतो. पर ह्यो सहा म्हैन्यांत परत आला तर देणार न्हाई.”

सिदू हसत सुटला. त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर चढताना तो चप्पल काढून मडगार्डला अडकवायचा. ती क्लचप्लेट पाच वर्षं चालली.

आप्पा जसे गिऱ्हाइकावर विश्वास ठेवत नसत तसे कंपनीवरही ठेवत नसत. माल आला की सील फोडून एकेक डबा उघडायचे. कंपनीचा पोरगेलासा एजंट एकदा वैतागून म्हणाला, “आप्पा, डब्यावर कंपनीचा होलोग्राम आहे, अजून काय पाहिजे?” आप्पा म्हणाले, “झकास हाय होलोग्राम. मग त्योच बसवू का ट्रॅक्टरला?” दहातले दोन पार्ट ते हमखास परत पाठवत. एजंट लोक त्यांच्या दुकानात चहा घेत नसत. उशीर केला तर आप्पा आणखी एखादा डबा उघडतील अशी त्यांना धास्ती असायची.

समोर बाळू मिस्त्रीचं गॅरेज. बाळूने पूर्वी एकदा कुणीतरी शहरातून आणलेला पंप बसवला आणि इंजिन बसलं. मालकाने खापर बाळूवर फोडलं. तेव्हापासून त्याचा नेम होता, आप्पांनी बघितलेला पार्टच बसवणार. पार्ट हातात घेतला की तो एवढंच विचारायचा, “आप्पानं बघितलाय का?” व्हय म्हटलं की पाना हातात घ्यायचा. आमच्या तिठ्यावर पार्ट बसवायची ही अशी रीत होती, आणि वीस-बावीस वर्षं तिच्यात कुणाला काही खोट दिसली नाही.

मला दिसली. लष्करात मी काही वर्षं स्टोअरला होतो. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते, फार चौकशी करणाऱ्या माणसावर आपण जास्त नजर ठेवायची. आप्पा तुटके पार्ट परत देत नसत. दुकानामागे त्यांचा ढीग होता. “काय करताय ह्यांचं?” असं विचारलं तर म्हणत, “बघतोय.” एवढा ढीग कशाला बघायचा? न्हाव्याच्या दुकानात बोलणं निघालं होतं, आप्पा जुने पार्ट घासूनपुसून नव्या डब्यांत भरतो, डबे उगीच फोडत नाही तो. सांगणारा कुणीही असो, मला ते पटलं. आणि एकदा पटल्यावर आप्पांची प्रत्येक गोष्ट मी त्याच बाजूने बघू लागलो. प्रश्न विचारतात ते गिऱ्हाइकाला गोंधळात टाकायला. नख फिरवतात ते नाटक. बाळू त्यांच्याशिवाय पार्ट बसवत नाही म्हणजे त्याचा वाटा ठरलेला असणार.

त्यात माझा मुलगा प्रकाश. आमच्या भागातली निम्मी पोरं सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात असतात, तसा तोही कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतो. एकदा सुट्टीला आला होता. मी आप्पांकडून आणलेला ऑइल फिल्टर त्याने हातात घेतला, डब्यावरचा नंबर मोबाइलवर टाकला आणि पडदा माझ्यापुढे धरला. तोच डबा, तोच नंबर, आणि किंमत निम्म्याच्या आसपास.

“बाबा, तुम्ही फौजेत होता, अन् एक दुकानदार तुम्हाला गुंडाळतोय.”

ह्या वाक्याने माझं काय झालं ते मी आज कबूल करतो. राग आला नाही. बरं वाटलं. आपला संशय खरा ठरला की माणसाला जे बरं वाटतं, ते.

मग फिल्टर, पंख्याचा पट्टा, सीट कव्हर, आरसा असं एकेक प्रकाश तिकडून मागवू लागला आणि कुरिअरवाला घरपोच देऊ लागला. माल चांगला निघाला. ऑनलाइनचा सगळा माल वाईट असं मला आजही म्हणायचं नाही, आणि सगळे दुकानदार आप्पांसारखे असतात असंही नाही. मला त्यातलं खरं सुख वेगळंच होतं. मोबाइल प्रश्न विचारत नव्हता. ग्रीस कवा घातलंतं, टन किती व्हतं, खरं सांगा, असलं काही नाही.

आप्पांच्या नजरेतून मात्र काही सुटायचं नाही. एकदा दुकानासमोर ट्रॅक्टर थांबला होता. ते बाहेर आले आणि आरशापुढे उभे राहून टोपी सारखी केली.

“आरसा फस्क्लास हाय मेजर. कुठनं घेतलासा?”

“पुण्यासनं.”

“पुण्याला कवा गेलतासा?”

“गेल्या आठवड्यात.”

“गेल्या आठवड्यात तर तुमी हितंच बँकेत दिसलासा.” मग हसून म्हणाले, “असूं दे. तोंड सरळ दिसतंय न्हवं, मग बास.”

ते हसले तरी मला ती थट्टा वाटली नाही. हा माणूस माझ्यावर पाळत ठेवतोय असंच वाटलं.

त्या वर्षी उसाच्या हंगामात सिदू म्हणाला, “मेजर, ब्रेक धरत न्हाईत. उजवा तर लयच खाली जातोय.” बाळूने खोलून ब्रेकच्या प्लेटा काढून दिल्या. त्या गोल चकत्यांवरचा घासणारा थर पार संपला होता. मी त्या घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी नख फिरवलं, डोळे उघडले.

“कंपनीच्या प्लेटा संपल्यात. आठ दिवसांनी येतील.”

मला मागच्या फळीवर डबे दिसत होते. “मग त्या कसल्या?”

“त्या दुसऱ्या हायेत. नांगरटीला चालतील. तुमी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून वडणार. तवा ह्या न्हाई देत.”

“आप्पा, तोड चालू हाय. टोळी फडात बसलीया. तोडलेला ऊस वाळतोय.”

“ऊस वाळंल. आठ दिवस ट्रॅक्टर काढू नका. दुसऱ्याचा लावा.”

फळीवर माल असताना दुकानदार नाही म्हणतो, ह्याचा अर्थ मी माझ्या पद्धतीने लावला. अडवून धरायचं, मग जास्त भावाचा माल गळ्यात मारायचा. घरी येऊन प्रकाशला फोन केला. चौथ्या दिवशी प्लेटा दारात. डब्यावर नाव कंपनीचंच, अक्षरं चकचकीत. मी डबा उघडला, प्लेटा काढल्या आणि डबा, पिशवी, चिठ्ठी सगळं अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातलं. का, तर बाळू बाहेरचा पार्ट बसवणार नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लेटा गॅरेजात नेल्या.

बाळूने त्या हातात घेतल्या. “आल्या व्हय? आप्पा तर आठ दिवस म्हणलं व्हतं.”

“लवकर आल्या.”

“आप्पानं बघितल्यात का?”

“व्हय,” मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. तो म्हणताना जीभ अडखळली असती तरी बरं झालं असतं. अडखळली नाही. त्या दिवशी आप्पा रस्त्यापलीकडे दुकानात नव्हते, मिरजेला गेले होते. हे मी आधी बघून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या अलीकडच्या उतारावर सिदूने ब्रेक दाबला. डावं चाक धरलं, उजवं धरलंच नाही. ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा फिरला, पुढची ट्रॉली त्याच्या अंगावर आली आणि सगळं ओढ्याच्या बाजूला उलटलं. समोरून येणारी एसटी थोडक्यात थांबली. मी पोचलो तोवर लोकांनी ऊस बाजूला करून सिदूला बाहेर काढलं होतं. तो शुद्धीवर होता. उजवा गुडघा होता तिथे नुसता चेंदामेंदा. मला बघून म्हणाला, “मेजर, म्या चप्पल काढलीती. खरंच काढलीती.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ओढून बाळूच्या गॅरेजात आणला. भोवती वीस-पंचवीस माणसं, त्यात सिदूचा मेहुणाही. बाळूने उजवी बाजू खोलली. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा प्लेटवरचा थर अख्खा सुटून आला होता. बाळू ती हातात घेऊन बघतच राहिला. “आप्पाच्या दुकानातली प्लेट, अन् ही गत?” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “मेजर, ही आप्पानं बघितलेलीच न्हवं?”

मी प्लेटकडे बघत राहिलो. बोललो नाही. बाळूने ती माझ्या हातात दिली. बाकीच्यांना उत्तर मिळालं होतं.

मेहुणा तडक रस्ता ओलांडून गेला आणि त्याच्यामागे सगळे. आप्पा हात पुसत दारात आले. “काय झालं? प्लेट बघू द्या मला,” ते म्हणाले.

“आता काय बघताय?” मेहुणा ओरडला. “आधी बघायला येत न्हवतं? दुनियेचं जुनं मागताय, दुनियेला खरं सांगा म्हणताय, अन् स्वतः असला माल इकताय?”

“माझ्या दुकानातली न्हाई ती.”

“सगळं दुकानदार असंच म्हणत्यात!”

कुणीतरी दारातली डब्यांची मांडणी ढकलून दिली. डबे रस्त्यावर घरंगळले. आप्पा तिसऱ्यांदा म्हणाले, “माझी न्हाई,” आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “मेजर हितंच हुबा हाय. त्येलाच इचारा की. फौजेतला माणूस खोटं बोलंल व्हय?”

सगळे माझ्याकडे वळले. आप्पाही. प्लेट माझ्या उपरण्यात होती.

मी म्हणालो, “आधी सिदूचा पाय बघू. बाकीचं मागनं बोलू.” आणि निघालो. मागून शब्द ऐकू आले, “मेजरचं मन मोठं. दुसरा असता तर दुकान पेटवलं असतं.”

घाबरलो म्हणून गप्प बसलो असं लिहिलं तर ते निम्मंच खरं होईल. माझ्या हावरटपणाने सिदूचा पाय गेला हे त्याच्या माणसांसमोर म्हणायची छाती झाली नाही, हे खरंच. पण आप्पांचे डबे रस्त्यावर घरंगळताना मी एखादा डबा उघडतो का, आतून घासलेला जुना पार्ट निघतो का, हे बघत होतो. त्याही घडीला माझा संशय खरा ठरावा असं मला वाटत होतं. तीन-चार डबे फुटले. आतून निघाले ते कोरे पार्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या घरी आले. आधी कधी आले नव्हते. सोप्यात बसले. पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं.

“ती प्लेट कुठं हाय, मेजर?”

“गर्दीत कुठं गेली कुणास ठाऊक.”

प्लेट आतल्या खोलीत माझ्या काळ्या लष्करी पेटीत होती. आप्पांनी मान हलवली. नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. कवा नेलीसा, किती टन व्हतं, काहीच नाही. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना विचारलं त्याने मला विचारायचं सोडून दिलं, तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे.

“एक करा,” ते म्हणाले. “एकदा तिठ्यावर या. ती प्लेट आप्पाची न्हवं, एवढंच म्हणा. कुणाची ते सांगू नका. कुठनं आणली तेबी सांगू नका. एवढंच म्हणा.”

“उद्या येतो,” मी म्हणालो.

ते पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि गेले. तो उद्या मी आणला नाही.

प्रकाशने त्या प्लेटचा फोटो मागवून विकणाऱ्याकडे तक्रार केली. दोन दिवसांत पैसे परत जमा झाले. कुणी एक प्रश्नही विचारला नाही. प्रकाश फोनवर म्हणाला, “बाबा, पण गावात तर आप्पांचं नाव...” “तू तुझं दुकान बघ,” मी म्हणालो.

सिदू दोन महिने कऱ्हाडच्या दवाखान्यात होता. खर्च मी केला, त्याबद्दलही लोकांनी माझी वाहवा केली. एकदा मी गेलो तेव्हा तो म्हणाला, “आप्पा आलं व्हतं.”

“काय म्हणाले?”

“म्या त्येंला नाही नाही ते बोललो. तुमच्यामुळं पाय गेला म्हणलो. त्येंनी आयकून घेतलं. मग इचारलं, ब्रेक दाबलास तवा पाय एकदम खाली गेला का हळूहळू? आवाज आधी आला का नंतर? तू कुठं बघत व्हतास?” सिदू छताकडे बघत होता. “मेजर, डाक्टर इचारत्यात दुकतंय का. तुमी इचारताय काय पायजे. त्या येळंला काय झालं, ते कुणीच इचारलं न्हवतं. सांगितल्यावर लय हलकं वाटलं बगा. पर प्लेट त्येंचीच, मग हलकं वाटलं असं त्येंला कसं म्हणू?”

मी म्हणालो, “झोप आता.”

त्यानंतर आप्पांच्या बाकड्यावर कुणी बसेना. बाळूने बोलणं टाकलं. त्याचा राग सगळ्यांत जास्त, कारण त्याचाच विश्वास सगळ्यांत जास्त होता. गाव मोबाइलवर पार्ट मागवू लागलं. बाळूही कुठलाही पार्ट बसवू लागला, फक्त आधीच सांगायचा, “गॅरंटी न्हाई, माझं नाव घ्यायचं न्हाई.” मी तिठ्यावरून जाणं सोडलं. कॅनॉलच्या रस्त्याने फेरा घालून जायचो. कुणी नुसतं “काय मेजर, कसं काय?” म्हटलं तरी मला वाटायचं, ह्याला कळलंय. मुलाच्या आवाजात, बायकोच्या गप्प बसण्यात, कुरिअरवाल्याच्या हसण्यात मला तेच दिसायचं. आप्पांवर मी जो संशय घेतला होता तो आता माझ्याच घरात राहायला आला.

दीड-दोन वर्षांनी आप्पांनी दुकान बंद केलं आणि सांगलीला मुलीकडे राहायला गेले. राहिलेला माल विकायला काढला तेव्हा मागचा ढीगही उपसला. तिथे मी नव्हतो, बाळूने नंतर सांगितलं. प्रत्येक तुटक्या पार्टला तारेने पत्र्याची चकती बांधलेली होती आणि तिच्यावर खिळ्याने कोरलेलं होतं, गावाचं नाव आणि मोडण्याचं कारण. वांगी, ग्रीस नव्हतं. नेवरी, जादा वजन. चिंचणी, कंपनीची चूक. “येवढं कशाला करत व्हतं रं म्हातारं?” बाळू म्हणाला.

आप्पा वारले त्याला आता तीन वर्षं होतील. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला चार माणसं उठून मेलेल्याविषयी बोलतात. कृष्णेच्या काठावर मलाही बोलायला उठवलं, जुनं गिऱ्हाईक आणि वयाने मोठा म्हणून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आप्पा सचोटीचे होते. तिठ्यावरून आलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, एवढं नुकसान सोसूनही मेजर चांगलंच बोलतोय. सगळ्यात वाईट म्हणजे, ते त्यांना वाटतंय हे मला दिसत होतं, आणि मी खाली बसलो.

हे लिहायला घेण्याआधी सिदूला आणि बाळूला घरी बोलावलं. पेटीतून प्लेट काढून दोघांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाळू चहा तसाच ठेवून उठला. दारात थांबून म्हणाला, “म्या तुमाला इचारलं व्हतं, मेजर. दोनदा इचारलं व्हतं.” सिदूने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, “म्हंजी दवाखान्यात आलं तवा त्यांना म्हाईत व्हतं?”

“होतं.”

“अन् म्या एवढं बोललो तरी तुमचं नाव घेतलं न्हाई.”

“नाही घेतलं.”

तोही उठला. उठायला त्याला वेळ लागतो. मी हात पुढे केला, तो त्याने धरला नाही.

आता फक्त सांगलीचं राहिलं. आप्पा जाण्याच्या आठ-नऊ महिने आधी मी एकदा त्यांना भेटायला गेलो होतो. विट्याहून एसटीत बसलो तेव्हापासून एकच वाक्य मनात घोळवत होतो. आप्पा, ती प्लेट तुमची नव्हती, मी मोबाइलवरून मागवली होती आणि तुमचं नाव सांगून बसवली, मला माफ करा. तासगाव मागे पडेपर्यंत ते पाठ झालं.

मुलीचं घर विश्रामबागच्या पुढे एका गल्लीत. आप्पा ओट्यावर बसलेले. वाळले होते, पण नजर तीच. मला बघून उठले आणि मुलीला हाक मारली, “अगं, आमचं मेजर आल्यात. लय जुनं गिऱ्हाईक.” मुलगी दारात आली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. चहा आप्पांनी स्वतः आणला.

ऊस झाला, पाऊस झाला, पाणी कुठवर आलंय ते झालं. सिदूचं त्यांनी विचारलं. काठी घेऊन हिंडतो, शेळ्या राखतो, म्हणालो. ओट्यावर आम्ही दोघंच. आप्पांनी माझ्याकडे तोंड केलं आणि नुसते बसून राहिले, घाई नाही, राग नाही. मी वाक्य मनात पुन्हा एकदा म्हटलं. गल्लीत एक मोटरसायकल आली. ती जाईपर्यंत थांबू म्हटलं. ती गेली, आणि मी म्हणालो, “सांगलीत वाहनं लय वाढली.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “लय वाढली.”

नको म्हणत असताना ते मला स्टॉपपर्यंत सोडायला आले. एसटी आली. मला खिडकीशी जागा मिळाली. आप्पा खाली उन्हात उभे, एक हात कपाळाशी. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी खिडकीतून वाकलो आणि म्हणालो, “आप्पा, ती प्लेट...”

तेवढ्यात गाडी सुरू झाली. इंजिनचा आवाज मोठा होता. आप्पांनी कानामागे हात धरला आणि गाडीबरोबर चार पावलं चालत आले.

“काय म्हणलासा, मेजर?”

गाडी अजून हळूच होती. पुन्हा म्हणण्याइतका वेळ होता.

“काही न्हाई,” मी म्हणालो. “ऊन लय हाय. घरात जावा.”